पिलणकरांचं भुयार

रिक्षावाल्याने मला आळीच्या तोंडाशीच उतरवलं. पुढे जायला वाट नव्हती. आळीच्या मधोमध पाण्याचा टँकर एका कुशीवर कलंडला होता, त्याचं मागलं चाक आख्खं रस्त्याच्या पोटात गेलं होतं आणि भोवती ही गर्दी. त्या गर्दीत माझे बाबा डोक्यावर छत्री धरून उभे होते. चेहरा असा, की जणू कुणा दुसऱ्याच्या घरचं कार्य बघायला आलेत.

मी बॅग तिथेच टेकवली.

"बाबा, हे तुमचंच ना?"

"प्रवास बरा झाला का? घाटात गाडी लागली नाय ना तुला?"

"मी काय विचारतेय?"

"ऊन लागेल गो. घरात चल. आईने कोकम करून ठेवलंय."

माझ्या बाबांशी भांडण करताच येत नसे. रत्नागिरीच्या कोर्टात टंकलेखक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. दोन्ही बाजू ऐकायच्या, टाइप करायच्या आणि स्वतः काही बोलायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. रघुवीर पिलणकर आवाज चढवून बोलले, असं सांगणारा माणूस गावात सापडला नसता. आणि हाच माणूस घराखाली उंदरासारखं पोखरत रस्त्यापलीकडे पोचला होता.

भुयाराचं प्रकरण जुनं होतं. मी लग्न होऊन पुण्याला गेले, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मागच्या पडवीत नारळ ठेवायला एक खड्डा घेतला गेला. तो खड्डा काही थांबला नाही. आमच्याकडची जमीन म्हणजे जांभा. तांबडा, भोकाभोकांचा दगड. आत ओला असतो तोवर टिकावाला येतो, वारा लागला की लोखंडासारखा घट्ट होतो. खाली एक खोली झाली, मग दुसरी, मग बोळ, बोळाला फाटे. रोज संध्याकाळी बाबा मातीची घमेली मागच्या उतारावर नेऊन टाकताना सगळ्यांना दिसत. चांगला चिरा निघाला तर ज्याला हवा त्याला देत. अर्ध्या आळीच्या कुंपणांचे गडगे त्याच चिऱ्यांचे. त्यामुळे तक्रार कुणी केली नाही. 'पिलणकर म्हणजे एक वल्ली आहे' म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

का खणता, असं विचारलं तर बाबा माणूस बघून उत्तर देत. डॉक्टरांना सांगत, व्यायाम होतो. भटजींना सांगत, ध्यानाला जागा बरी. नगरसेवक आले तर म्हणत, पाणी लागतंय का बघतोय. मी दर सुट्टीत त्याच एका गोष्टीवरून डोकं आपटून घेई आणि मला ते सांगत, "हात रिकामे राहवत नाहीत." माझ्या सासरी हा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघून गालात हसत. मी ताटाकडे बघत बसे.

या वेळी मला फोन केला होता तो समोरच्या बशीरचाचांनी. बशीर मुकादम म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या नर्गिसचा निकाह रविवारी होता. अंगणात मांडव पडायचा होता, आणि तो टँकर त्यांच्याच घरी लग्नाचं पाणी घेऊन निघाला होता.

चाचा संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसले. चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"रघुभाऊ, मला दुसरं काय नको," ते म्हणाले. "माझ्या अंगणात चारशे माणूस जेवायला बसणार. खाली पोकळ आहे का भरीव, येवढाच सांग."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उद्या सांगतो."

"उद्या? भाऊ, खणलास तू!"

"हो. पण उद्या सांगतो."

"बाबा!" मी ओरडलेच. "यात उद्या काय सांगायचंय? त्यांच्या अंगणाखाली तुम्ही गेलात की नाही गेलात?"

"बघून सांगावं लागेल."

"मग आता जाऊन बघा. मी येते बरोबर."

"आता नको," असं म्हणून ते उठले आणि देवाला दिवा लावायला गेले. रोज आई लावायची, त्या दिवशी ते गेले. बशीरचाचा माझ्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई आत कोकमाची सोलं निवडत होती. माझी आई, द्वारका, बुटकी, काटक बाई. कामाशिवाय बसलेली मी तिला पाहिलेली नाही आणि कामाविषयी बोलताना ऐकलेली नाही.

"आई, तू तरी सांग त्यांना. माणसं मरतील अशाने."

"मरणार नाय कोण."

"कशावरून?"

तिने सूप पुढ्यात ओढलं. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले. मला तिची इतकी कीव येत होती की सांगता सोय नाही. "तुझं सगळं म्हातारपण या एका वेडापायी गेलं," मी म्हटलं. "घरात कायम तांबडी धूळ. तू पुसतेस, ते परत आणतात. कधी एका शब्दाने बोलली नाहीस. दुसरी कुणी असती तर माहेरी निघून गेली असती."

"धुळीचं काय गो," आई म्हणाली, "पुसली की जाते." आणि सोलांचं सूप उचलून ती उठून गेली. जाताना पडवीचं दार जरा जोरातच लागलं. मला वाटलं, चला, निदान तिलाही राग आलाय. माझ्या बाजूने कुणीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचे अभियंता वाडेकर आले. तरुण, घामाघूम झालेला, सरळ माणूस. बाबा त्यांना पडवीतली भुयारावरची फळी सारून खाली घेऊन गेले. दोघं वर आले तेव्हा वाडेकरांच्या तोंडाला फेस आला होता. श्रमाने नव्हे, बाबांनी आणला होता.

"आजोबांना मी विचारतो, हा फाटा कुठे जातो, तर म्हणतात डावीकडे. जाऊन बघतो तर उजवीकडे. ही भिंत केवढी जाड ठेवलीत, तर म्हणतात असेल बरीचशी. स्वतः खणलंय ना हो यांनी?"

"आणि कुणी खणणार?" मी म्हटलं.

"मग सांगत का नाहीत?"

बाबा हौदाशी पाय धूत होते. तिथूनच शांतपणे म्हणाले, "बशीरच्या अंगणात पेरूच्या झाडापर्यंतच गेलंय. पुढे सगळं भरीव आहे. मांडव झाडाच्या अलीकडे नको, पलीकडे घाला. काय होणार नाय."

मी तरातरा हौदाशी गेले. "हे काल संध्याकाळी का सांगितलं नाहीत? चाचा रात्रभर झोपले नसतील!"

"काल माहीत नव्हतं."

"आणि आज कुठून माहीत झालं? स्वप्नात दिसलं?"

बाबा टॉवेलने एकेक बोट पुसत बसले. वाडेकर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, वयामुळे होतं असं. विसरतात. पण मी यांच्या शब्दावर मांडव घालू देऊ शकत नाही. सगळं भरून टाकावं लागेल. रस्त्याच्या भोकातून दगड आणि पातळ काँक्रीट सोडू. घरातल्या कुणाचा विरोध नको पण."

"विरोध कोण करतंय?" मी म्हटलं. "आजच करा."

आई चुलीशी होती. तिच्या हातातली पळी पातेल्यात पडली. आमटी उडून तिच्या मनगटावर आली असावी, कारण तिने हात झटकला. मग झाकण ठेवलं आणि म्हणाली, "करा काय ते. लग्नाचं घर आहे समोर."

"बघा," मी बाबांना म्हटलं, "आईसुद्धा म्हणतेय."

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे पाहिलं आणि दोघंही आपापल्या कामाला लागली. त्या घरात माझ्या लहानपणापासून हे असं चालायचं. काही ठरायचं, पण कधी ठरलं ते कळायचंच नाही.

काम दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू व्हायचं होतं. जेवणं उरकली. टँकर आदल्याच दिवशी ओढून काढला होता. भोकाच्या कडेला दगडांचा ढीग पडला, मिक्सर गरागरा फिरायला लागला. वाडेकरांनी ओटीवर येऊन विचारलं, "खाली कुणी नाही ना? एकदा बघून घ्या." मी बाबांना हाक मारली. बाबा नाहीत. आई नाही. परसात नाहीत, बशीरचाचांकडे नाहीत. चुलीशेजारी दूध उतरवून ठेवलेलं, आणि पडवीतली फळी बाजूला सरकवलेली.

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला वाटलं, बाबा खाली जाऊन अडून बसलेत आणि बिचारी आई त्यांची समजूत घालतेय. डोक्यात सणकच गेली. "कोणीही काही टाकू नका!" म्हणून बाहेर ओरडले, हातात बॅटरी घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शिडीवरून खाली उतरले.

मी कधी गेलेच नव्हते खाली. रागापायी गेले नव्हते. माझी कल्पना अशी, की घुशीचं बीळ असेल, वाकून सरपटावं लागेल. तसं नव्हतं. मी सरळ उभी राहू शकत होते. भिंती एका रेषेत तासलेल्या, छत पाठीसारखं गोल. कोनाडे होते, एकसारखे. जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत. वर मे महिन्याची काहिली आणि इथे माठात हात घालावा तसा गारवा. कुठे चिमूटभर माती सांडलेली नव्हती. मी रागातच होते, तरी पायांनी आपसूक चपला काढल्या.

पहिली खोली, दुसरी खोली, मग बोळ. बोळात एका जागी वरून उजेडाचा झोत आला होता. ते टँकरचं भोक. वरून मजुरांचं बोलणं ऐकू येत होतं. त्याच्याखालून मी पुढे गेले. पुढे बोळ वळला, वळणापलीकडे वायरने ओढून आणलेला एक बल्ब असावा, कारण भिंतीवर पिवळा उजेड होता. आणि बाबांचा आवाज आला. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"'हापूसची आवक यंदा लांबली,'" बाबा वाचत होते.

ठक.

"'मिरकरवाड्यात दोन बोटींची टक्कर, जीवितहानी नाही.'"

ठक. ठक.

"'उद्या शहराच्या पूर्व भागात वीजपुरवठा बंद.' हे बरं कळलं. दळण आजच आणायला हवं."

ठक.

मी थांबले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते मला कळत नव्हतं. बाबांच्या वाक्यात खंड नव्हता. दम नव्हता लागलेला त्यांना. टिकावाचा घाव बसत होता आणि त्याच क्षणी बाबांचा आवाज, ओटीवर बसून वाचावं तसा, संथ.

मी वळण ओलांडलं.

बाबा पालथ्या घमेल्यावर बसले होते, पेपर बल्बाकडे धरून. त्यांच्यापुढे, माझ्याकडे पाठ करून, आई होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, अंगात बाबांचा जुना, कोर्टात घालायचा सदरा, डोक्याला फडकं. टिकाव खांद्यामागे गेला, क्षणभर थांबला आणि बरोबर जिथे पडायला हवा तिथे पडला. जांभ्याचा हातभर तुकडा सुटून तिच्या पायाशी आला. तिने तो पायाने बाजूला सारला. सगळं इतकं सवयीने, की भाकरी थापतानाही मी तिला इतकी निवांत पाहिली नव्हती.

"अहो, थांबलात का?" ती म्हणाली. "वाचा ना."

"कुंदा आलीय," बाबा म्हणाले.

आई वळली. तांबड्या धुळीने माखलेला चेहरा, त्यात दोन डोळे. ती काही दचकली नाही. टिकाव भिंतीला टेकवला आणि पदराने तोंड पुसलं.

"आले हो मी," ती म्हणाली. "तेवढा हा कोपरा राहिला होता. वाकडा दिसत होता."

"आता भरणारच आहेत ते," माझ्या तोंडून निघालं, "वाकडा काय नि सरळ काय!"

"तरी पण."

मला रडू आलं नाही की कौतुक वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला भयंकर राग आला. इतकी वर्षं मी बाबांशी भांडत होते, आईसाठी भांडत होते, आणि ही दोघं मला फसवत होती. आईच्या वडिलांची चिरेखाण होती, आई लहान असताना तिथे माणसांना पाणी द्यायला जायची, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पाणी देऊन ती परत येत नसे, टिकाव उचलत असे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, हे सगळं... तू?"

"हे माती नेतात ना. आणि वाचून दाखवतात."

"अगं पण का? कुठे जायचंय तुला?"

"जायचं असतं तर दरवाजा होता की," आई म्हणाली. मग अवघड जागचं बोलावं तसं बोलली, "कुंदा, मी भांडी घासते, दुपारी परत खरकटी होतात. केर काढते, संध्याकाळी परत केर. तांदूळ निवडून निवडून डोळे गेले, डबा आपला रिकामाच. इथे सकाळी चार बोटं खणलं, तर दुसऱ्या दिवशी ती चार बोटं तिथेच असतात. कोण बुजवत नाय रात्रीत. एवढंच. दुसरं काय नाय."

वरून वाडेकरांची हाक आली. "ताई, सापडले का?"

"मग मला का नाही सांगितलंत?" मी बाबांकडे वळले. "गावभर वेडे म्हणून मिरवलात!"

बाबांनी पेपरची घडी घातली. "पुरुष खणायला लागला तर त्याला वल्ली म्हणतात. बाई खणायला लागली तर?" ते म्हणाले. "वेड्यांचं इस्पितळ आपल्या गावातच आहे, कुंदा. लांब न्यावं लागलं नसतं. आणि तुझं नुकतंच लग्न झालेलं."

मी वाडेकरांकडे जाते म्हटलं. घराखालच्या खोल्या तरी वाचवूया, त्या कुणाच्या मांडवाखाली नाहीत, मी भांडेन, लिहून देईन. मी बोलतच सुटले. आईने मला मध्येच तोडलं.

"नको. अर्धं ठेवलं तर उद्या माझाच हात राहायचा नाय, परत रस्त्याखाली जाईन. चाक माझ्याच बोळात गेलं ना? माणूस गेला असता." तिने अंगातला सदरा काढला, झटकला, घडी करून बाबांच्या हातात दिला. "चला. पोरं उन्हात उभी आहेत वर."

भोकाखालून जाताना ती थांबली नाही. शिडीशी मात्र एकदा मागे वळून पाहिलं तिने, बाहेरगावी निघताना गॅस बंद केला का ते बघावं, तसं.

संध्याकाळपर्यंत मिक्सर फिरत होता. घराच्या फरशीखालून घरंगळल्याचा आवाज येई, आणि मग तो जड, ओला आवाज. आई हौदावर हातपाय धुऊन सगळ्यांसाठी चहा करत होती. वाडेकर पडवीत बाबांपाशी बसले. त्यांना आता बाबांविषयी भलताच आदर वाटायला लागला होता.

"आजोबा, मानलं तुम्हाला. मी आत फिरून आलो ना, असं काम आमच्या कंत्राटदारांकडून होत नाही. एकट्याने? या वयात?"

बाबा चहाच्या कपात बघत म्हणाले, "एकट्याने काय होतंय."

"म्हणजे? मदतीला कोण होतं?"

बाबांनी वर पाहिलं. आई किटली घेऊन दारातच उभी होती. सांगा, सांगा, माझ्या मनात नुसतं चाललं होतं. तोंड उघडून मीच सांगणार होते, तेवढ्यात आईचा हात माझ्या दंडावर आला. खरखरीत, गरम हात. तिने दंड असा दाबला, की नंतर वळ उठला.

"देवाची कृपा म्हणायची ती, साहेब," आई म्हणाली. "साखर पुरे आहे का?"

गावातल्या दैनिकाचा वार्ताहर आला होता. त्याने बाबांना भोकाशी उभं केलं, हातात टिकाव दिला, फोटो काढला. सगळी आळी बघायला जमली. बशीरचाचांनी बाबांना मिठी मारली आणि म्हणाले, "येडा तो येडा, पण हात सोन्याचे!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. बाबा इतके केविलवाणे दिसत होते, की त्यांना कुणी शिक्षा करत असावं. मी घरात गेले आणि भांड्यांच्या फळीवर डोकं टेकून उभी राहिले. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला जागा नव्हती.

रविवारी निकाह झाला. मांडव पेरूच्या पलीकडेच घातला होता. आई नर्गिसच्या केसांत अबोलीचा गजरा माळून आली.

आज आई नाही, बाबाही नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. ती दोघं असेपर्यंत मी एका अक्षराने बोलले नाही. बाबांच्या दिवसांना आलेली माणसंसुद्धा त्यांच्या भुयाराच्या गोष्टी सांगत होती आणि आई मान हलवून ऐकत होती.

फोटो छापून आला तो निकाहाच्या दुसऱ्या दिवशी. मी पुण्याला निघायच्या तयारीत होते. 'जिद्दी अवलिया' असा मथळा होता. बाबांनी पेपर बघितला नाही, दळण आणायला निघून गेले. आईने हात पुसले, चष्मा लावला, पेपर दारातल्या उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता तरी ती काहीतरी बोलेल, माझ्यापाशी तरी बोलेल.

"टिकाव उलटा धरलाय यांनी," ती म्हणाली.